बोटाचा ठोका

सूर्यभाननं धुराड्याचा भिंतीतला बेंड, तो वळणाचा पत्र्याचा पाइप, दोन्ही हातांनी धरून अर्धा फिरवला आणि ओढला, तसा तो सुटून हातात आला. त्याच्या मागोमाग पायलीभर काजळी न्हाणीघराच्या फरशीवर सांडली. ती खाली बसेपर्यंत तो थांबला. मग त्यानं बेंडाच्या पोटाखाली अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला, भाजलेल्या पापडात जावा तसा.

त्यानं चार बोटं सोडून दुसरीकडं दाबलं. तिथंही गेला.

शेजारी तांब्याचा बंब उभा होता, तेरा दिवसांत एकदाही न पेटलेला. खालच्या जाळीत अजून त्या दिवशीची राख होती. वरच्या झरोक्याला मात्र आता काही नव्हतं. तिथून जानेवारीचं फिकं ऊन येत होतं आणि काजळीचे कण त्यात सावकाश खाली उतरत होते. झरोक्यात कोंबलेलं गोणपाट कुणीतरी काढून अंगणात टाकलं होतं. ते तिथंच पडलेलं होतं. कुणी जाळत नव्हतं आणि कुणी उचलतही नव्हतं.

तिसगावच्या बाजारात सूर्यभान पत्रेवाल्याला ओळखत नाही असा माणूस शोधायचा तर बाहेरगावाहून आणावा लागला असता. पन्नास वर्षं त्यानं पत्रा ठोकला होता. कोठ्या, चाळण्या, पन्हाळी आणि बंबांची, भट्ट्यांची धुराडी. आणि तेवढीच वर्षं तो थापा मारत होता. शिर्डीच्या एका लॉजच्या बंबाला त्यानं म्हणे असं धुराडं बसवलं होतं, की धूर सुतासारखा सरळ वर जायचा आणि विमानतळावरचे लोक त्याच्याकडं बघून विमान उतरवायचे. एका भट्टीच्या धुराड्यात पाखरानं घरटं केलं, तर पिल्लं काळीकुट्ट निघाली.

"कावळ्याची पिल्लं काळीच असत्यात की," कुणीतरी हमखास म्हणायचं.

"व्हय," सूर्यभान म्हणायचा, "पन ही बगळ्याची हुती."

याला सगळ्यात आधी हसायचा तो ह्या घरचा भागवत, त्याचा जुना दोस्त. ही गोष्ट त्यानं शंभर वेळा ऐकली असेल आणि शंभर वेळा तो मांडीवर थाप मारून हसला असेल. आता भागवत बाहेरच्या खोलीत फोटोत होता, झेंडूच्या हारात, आणि फोटोतही तो हसायच्या बेतातच दिसत होता.

बाजारात सूर्यभानबद्दल एक बोलणं होतं. त्याचं तोंड खोटं, पण बोट खरं. धुराड्याला किती दिवस झाले, अजून किती टिकेल, हे त्याला विचारलं की तो उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचा आणि पेरानं पत्र्यावर ठोका द्यायचा. एक खाली, एक मध्ये, एक बेंडावर. मान तिरकी करून ऐकायचा. पत्रा निकोप असला की टण्ण वाजतो. आतून गंज खायला लागला की आवाज बसतो, बद्द होतो, फुटक्या मडक्यासारखा. त्या आवाजावरून तो सांगायचा: एक थंडी, दोन थंड्या, किंवा आजच काढा. आणि तसंच व्हायचं. लोक म्हणायचे, डॉक्टर छातीला नळी लावतो त्याच्यापेक्षा ह्याचं बोट बरं.

ते बोट त्यानं आता काजळीतून बाहेर काढून धोतराला पुसलं.

दिवाळीच्या आधी भागवतनं त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "धुराड्याला नऊ वर्सं झाली गड्या. बघ जरा." भागवतच्या पोराच्या, गोरक्षच्या लग्नात घराला रंग दिला, न्हाणीघर बांधलं, तेव्हाचं ते धुराडं. धुराडं आणि सून एकाच महिन्यात घरात आली होती. भागवत तेव्हा मांडवात सगळ्यांना सांगत फिरला होता, "सूर्यभाननं धुराड्याची बारा वर्सांची गॅरंटी दिलीय. सुनेची जन्माची." ज्ञानेश्वरी तेव्हा केडगावहून नवी नवी आलेली. तिला हसावं की लाजावं ते कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं होतं.

दिवाळीच्या आधी त्या दिवशी सूर्यभाननं बोट वाकवलं होतं. खाली ठोका, मध्ये ठोका, बेंडावर ठोका. मान तिरकी केली होती. भागवत त्याच्या तोंडाकडं बघत उभा होता, निकाल लागायची वाट बघावी तसा.

"दोन थंड्या काढंल," सूर्यभान म्हणाला होता. आणि लगेच शिर्डीच्या लॉजची गोष्ट सुरू केली होती.

त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं.

आज नव्हे, कालही नव्हे; सहा-सात वर्षं झाली होती. आधी पाखरं गेली. मग पत्र्याचा वरचा आवाज गेला, टण्णमधला शेवटचा 'ण'. मग टण्ण आणि बद्द दोन्ही सारखेच झाले, म्हणजे काहीच नाही, बोटाच्या पेराला लागल्याचं तेवढं कळायचं. आपण पन्नास वर्षं जे ठोकलं ते सगळं कानात जाऊन साठलं आणि आता तिथं जागा राहिली नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. ही थाप त्याला बरी वाटली होती, पण ती ऐकवायला कुणी नव्हतं, कारण ती ऐकवायची तर बोटाचं सगळंच संपलं असतं. त्यानं लोकांच्या ओठांकडं बघायचं शिकून घेतलं. त्याहून सोपी युक्ती त्याला आपोआप सापडली. आपणच बोलत राहायचं. जो बोलतो त्याला ऐकावं लागत नाही. त्याच्या गोष्टी लांबत गेल्या. लोक म्हणाले, म्हातारपण. बगळ्याच्या पिल्लांना पुढं नातवंडंही झाली.

आणि धुराड्यांचं म्हणाल, तर ज्याला त्याला तो दोन थंड्या देत गेला.

बेंड हातात घेऊन तो न्हाणीघरातून ओसरीवर आला.

ओसरीच्या कडेला एक पिशवी भरून ठेवलेली होती, चेन लावलेली, वर घडी केलेली शाल. ती कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. काल तेरावं झालं. पाव्हणेरावळे जाताना आपापलं बोलून गेले होते. कुणी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, नुसतं "झरोका कोंबायचा नव्हता" एवढंच म्हणत होते, आणि प्रत्येक जण तेवढंच म्हणाला होता. गोरक्ष कारखान्यावर होता, सीझन चालू होता. तो दुपारी येऊन बायकोला केडगावला सोडणार होता. किती दिवसांसाठी, ते कुणी ठरवलं नव्हतं. शाल मात्र जाड होती.

भागवतची बायको चांगुणाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. सूर्यभाननं बेंड त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"वैनी, हे बघा."

"काय ते?"

"धुराड्याचा बेंड. पार सडलाय. चाळण झालीय ह्याची. बंबाचा सगळा धूर हितनं गळत हुता. त्या गोणपाटाचं काय न्हाई ह्यात."

चांगुणाबाईंनी बेंडाला हात लावला नाही. नुसतं बघितलं.

"काढताना फुटला असंल."

"काढताना न्हाई. ह्यो चार-पाच वर्सांमागंच गेलाय. बेंड तीन वर्सं टिकतो, लई झालं तर चार. सरळ पाइप पाच, सहा. ओली लाकडं घातली, वरची टोपी उडून पाऊस आत गेला, तर त्याच्याबी आत. आतनं खातो गंज, बाहेरनं चकचकीत दिसतो. नऊ वर्सं कुटला टिकतोय?"

"तुमीच तर बारा सांगितली हुती, भावजी."

"मी सगळ्यांनाच बारा सांगतो."

"आन दिवाळीला? वाजवून बघितलं न्हाई का तुमी? हे म्हनले, सूर्यभाननं ठोका दिला, आता दोन वर्सं बघायला नको."

"खोटं बोललो."

"तोंडानं तुमी खोटंच बोलता," चांगुणाबाई म्हणाल्या. "बोटानं कवा बोललात?"

सूर्यभान खाली बसला. त्याला बसायला वेळ लागला. गुडघ्यावर हात ठेवून, खांबाला धरून, तो अशा रीतीनं बसला की त्यांचा चेहरा उजेडात यावा.

"वैनी, मला ऐकू येत न्हाई."

चांगुणाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या.

"लई दिवस झालं. पत्र्याचा आवाज तर पार गेलाय. मी नुसतं बोट मारतो. मला काय कळत न्हाई."

"आन आत्ता मी बोलते ते?"

"ओठ बघतो."

त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. तेरा दिवसांत पहिल्यांदा तिथं काहीतरी आलं, आणि ते हसू होतं असं म्हणवत नाही, पण हसू जिथून येतं तिथूनच ते आलं होतं.

"बगळ्याची काळी पिल्लंबी अशीच का?"

"वैनी, आईशप्पत—"

"भावजी, तुमचा जीव चांगला हाय." त्या पदरानं डोळे टिपत म्हणाल्या. "पोरीसाठी आलाय तुमी, ते मला कळतंय. तुमाला वाटलं, एक गोष्ट सांगावी, म्हातारी हसंल, इसरंल. हे असते तर हसले असते. पार लोळले असते. मला न्हाई वो येत हसायला."

"गोष्ट न्हाई ही."

"तुमची कंची गोष्ट गोष्ट हुती? सगळ्या खऱ्याच हुत्या की."

सूर्यभाननं बेंड त्यांच्याकडं आणखी बोटभर सरकवला.

ज्ञानेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती कधी आली ते त्याला कळलं नाही. नऊ वर्षांपूर्वीची ती मांडवातली मुलगी आता डोळ्यांखाली काळी झाली होती. तिचे ओठ हलले तसे त्यानं डोळे बारीक केले.

"बाबा, नका. मामंजी म्हनले, वारं लई झोंबतंय, म्हनून मीच कोंबलं गोणपाट. माज्या हातानं. हात अजून तेच हायत."

"पोरी, नुसत्या झरोक्यानं काय होत न्हाई. धुराडं धड असतं तर—"

"धुराडं धडच हुतं," ती म्हणाली. "तुमीच वाजवलेलं."

ती हे टोमण्यानं म्हणाली नाही. एखाद्या माणसानं देवाचं नाव घ्यावं तशी म्हणाली, आणि आत गेली.

सूर्यभान बेंडाकडं बघत बसला. लाकडाचा धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो, माणूस खोकत बाहेर पळतो. निखाऱ्यांचा दिसत नाही. पाणी तापत आलं की बंबात नुसते निखारे उरतात, आणि त्यांचं जे काही असतं ते गुपचूप बेंडातून गळतं आणि डोकं जड करतं. भागवत पाटावर बसून अंगाला साबण लावत असेल. थोडं झोपल्यासारखं वाटलं असेल. भिंतीला टेकला असेल. हे सगळं सूर्यभानला माहीत होतं. पन्नास वर्षांत त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात गंमत नव्हती.

"नवं धुराडं आनलंय," तो उठत म्हणाला. "तेवढं बसवून जातो."

चांगुणाबाईंनी मान हलवली. बसवा किंवा नका बसवू, तिचा अर्थ दोन्हीकडं लागत होता.

न्हाणीघरात जाऊन त्यानं नवे पाइप भिंतीला टेकवले. जाड पत्र्याचे, त्यानं चांगले चार दिवस बसून ठोकलेले. एवढ्या निगुतीनं त्यानं आयुष्यात धुराडं केलं नव्हतं. सांधा असा बसवला होता की नखसुद्धा अडकू नये. आधी भिंतीतलं जुनं भोक साफ केलं. मग बेंड घातला. मोगरीनं हळूहळू ठोकत तो त्यात पाइप बसवू लागला. पाठ दाराकडं, तोंड भिंतीकडं. काम करताना जग नसायचं. आधीही नसायचं, आता तर नाहीच.

मनातल्या मनात तो पुढचं जुळवत होता. गोरक्ष आला की त्याला सांगायचं. त्याला नाही पटलं तर तालुक्याच्या डॉक्टरकडून कानाचा कागद आणायचा. कागद खोटा आहे असं कुणी म्हणणार नाही. पण मग दोन थंड्या दिलेल्या बाकीच्या घरांचं काय? तिथं आधी जायला हवं. तिथंही हसतील. एकेका दारात उभं राहून तो खरं सांगेल आणि एकेका दारात चहा मिळेल, आणि माणसं मांडीवर थाप मारतील, आणि बंब पेटत राहतील. त्याच्या हातातली मोगरी थांबली. त्यानं धुराड्यावर कपाळ टेकलं. पत्रा गार होता.

मग त्याच्या डाव्या पायाला काहीतरी ओलं लागलं.

त्यानं खाली बघितलं. फरशीवर पाणी पसरत चाललं होतं आणि त्या पाण्यातून पितळी तांब्या गरगरत येत होता. तो त्याच्या पायाशेजारून गेला, बंबाच्या पायावर आपटला, मागं फिरला, तोंडावर तीनदा गोल घुमला आणि थांबला. मोठा तांब्या होता, भागवतचा अंघोळीचा. शहाबादी फरशीवर तो पडला की चार घरं पलीकडं कळायचं.

सूर्यभान तांब्याकडं बघत राहिला. मग सावकाश वळला.

दारात चांगुणाबाई उभ्या होत्या. त्यांचा उजवा हात अजून तसाच वर होता, बोटं तांब्याच्या गळ्याएवढी गोल. त्यांच्या मागं ज्ञानेश्वरी चहाचा पेला घेऊन उभी होती. चहावर जाड साय धरली होती. पेला हलला तरी ती हलत नव्हती. किती वेळ त्या तिथं होत्या, किती हाका मारल्या होत्या, ते त्या सायीवरून मोजावं लागलं असतं.



चांगुणाबाईंचा हात खाली आला. त्यांनी सूर्यभानच्या एका कानाकडं बघितलं, मग दुसऱ्याकडं. मग त्या मागं वळल्या आणि ओसरीवर गेल्या. न्हाणीघराच्या दारातून ओसरी सरळ दिसत होती. जुना बेंड तिथं होता तसाच पडला होता. त्या त्याच्यासमोर बसल्या, आणि त्यांनी त्याच्या पोटाला अंगठा लावला. दाबला. अंगठा गेला तसा त्यांनी झटकन मागं घेतला, भाजल्यासारखा.

मग त्या उठल्या. ज्ञानेश्वरीच्या पिशवीवरची शाल त्यांनी खांद्यावर टाकली, पिशवी उचलली. जड होती, एका बाजूला कलून त्यांनी ती घरात नेली. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर त्या थांबल्या. सूर्यभानकडं पाठ करून.

त्या बोलत होत्या. मानेच्या शिरेवरून, खांद्यावरून ते कळत होतं. एक-दोन शब्द नव्हते. बरंच होतं, आणि ते त्याच्यासाठी होतं. कारण ज्ञानेश्वरी, जिचा चेहरा त्याच्याकडं होता, ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिची नजर त्याच्यावरून सरकून फरशीवर गेली.

"काय म्हनला, वैनी?" सूर्यभान म्हणाला.

सहा-सात वर्षांत त्यानं हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. तो जरा मोठ्यांदा विचारला गेला की बारीक, हेही त्याला कळलं नाही.

"वैनी, इकडं तोंड करा. मला कळलं न्हाई."

चांगुणाबाईंनी तोंड केलं नाही. त्यांचे खांदे अजून हलत होते. मग थांबले. त्या आत गेल्या.

त्यानं ज्ञानेश्वरीकडं बघितलं. ती सांगेल म्हणून तो तिच्या ओठांकडं बघत उभा राहिला, मान तिरकी करून, जुन्या सवयीनं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिनं चहाचा पेला दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवला, त्याच्या हाताला येईल तिथं नाही, जरा लांबच. मग वाकून तिनं तांब्या उचलला, पदरानं आतून-बाहेरून पुसला, आणि बंबावर पालथा घातला.